बॉर्डरचं शेवटचं गाणं

२६ जानेवारीला आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत सकाळी झेंडावंदन झालं आणि संध्याकाळी खाली पोडियमवर 'बॉर्डर' लावला. कुणीतरी ऑफिसमधून प्रोजेक्टर आणलेला, दोन खांबांना ताणून बांधलेलं पांढरं कापड हाच पडदा, खाडीकडून वारा आला की कापड फुगायचं आणि सनी देओलचा अर्धा चेहरा पुढे यायचा. एका बाजूला पावभाजीचा तवा, लहान पोरं सगळ्यात पुढे सतरंजीवर, म्हातारी माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आणि मधल्या वयाचे आम्ही सगळे कठड्याला टेकून उभे. पोरांना डायलॉग पाठ होते, दर डायलॉगला शिट्ट्या. शेवटची लढाई संपली, सकाळी विमानं आली, रणगाडे पेटले, टाळ्या झाल्या आणि मग हरिहरनच्या आवाजात 'मेरे दुश्मन मेरे भाई' सुरू झालं. जेमतेम पहिल्या ओळी झाल्या असतील, मागून एक जण म्हणाला, झालं ना, जिंकलो ना, बंद कर आता. दुसरा म्हणाला, दुश्मन कसला भाऊ रे, काढ ते. मी म्हटलं अरे राहू दे की, शेवटचंच गाणं आहे, पण लॅपटॉपवर बसलेल्या मुलानं तोवर पिक्चर बंद केला होता आणि स्पीकरवर कुठलं तरी ढोलाचं रिमिक्स लागलं, पोरं नाचायला लागली, मोठी माणसं पावभाजीच्या लायनीत गेली.

कुणीही रागावून बोललं नव्हतं. अगदी सहज, पंखा बंद कर म्हणावं तसं.

मी तो पिक्चर पहिल्यांदा बघितला तेव्हा आम्ही ठाण्यात कोपरीला राहायचो, मी कॉलेजात होते. १३ जून १९९७ ला तो लागला आणि त्याच दिवशी दिल्लीत उपहार थिएटरला आग लागली, हाच पिक्चर बघायला आलेली ५९ माणसं त्यात गेली, त्यामुळे आई सोडायलाच तयार नव्हती. शेवटी बाबा म्हणाले मी जातो पोरांबरोबर, बाहेर जायच्या दाराजवळचीच तिकिटं काढतो. ठाण्यात तेव्हा मल्टिप्लेक्स नव्हतं. स्टॉलमध्ये ओल्या छत्र्यांचा आणि भिजलेल्या कपड्यांचा वास, पायाखाली चिकचिक, वरचे पंखे नुसते आवाज करणारे. 'संदेसे आते हैं' ला अख्खा स्टॉल गात होता, बाबासुद्धा, आणि बाबा तर देवळातल्या आरतीलाही मोठ्यानं गायचे नाहीत. पण मला सगळ्यात जास्त शेवट आठवतो. दारवाल्यानं नेहमीप्रमाणे पिक्चर पूर्ण संपायच्या आधीच दार उघडलं, बाहेरचा पावसाळी उजेड आत आला, पुढच्या शोची गर्दी दाराशी दिसत होती, तो चला चला म्हणत होता, आणि लोक उठले खरे पण निघाले नाहीत. दोन रांगांच्या मधल्या त्या अरुंद जागेत हातात छत्र्या धरून उभ्याउभ्या सगळ्यांनी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. समोर पाकिस्तानशी झालेल्या लढाईचाच पिक्चर होता, शिव्या घालून झाल्या होत्या, टाळ्या वाजवून झाल्या होत्या, आणि त्याच माणसांना ते गाणं ऐकायचं होतं.

आता मूळ लढाई बघा. ४ आणि ५ डिसेंबर १९७१ ला लोंगेवालाच्या चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांचे साधारण १२० जवान रात्रभर रणगाड्यांसमोर टिकून राहिले आणि उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. लढाई आपण जिंकली आणि तिथे आपले दोनच जवान गेले. चांदपुरींना महावीरचक्र मिळालं. पिक्चरमध्ये मात्र एकामागून एक माणूस जातो, ज्याची बायको, आई, होणारी बायको आपण आधी बघितलेली असते नेमका तोच जातो, जिंकल्यावर आनंद करायला फारसं कुणी उरतच नाही. इतिहास म्हणून हे चूक आहे आणि त्यावर टीकाही झाली. पण बॉर्डरचे दिग्दर्शक जे. पी. दत्तांचा सख्खा भाऊ हवाई दलात पायलट होता आणि मिग अपघातात गेला, हे कळल्यावर मला त्या पिक्चरमधल्या मरणांचा वेगळा अर्थ लागला. जिंकलेल्या युद्धाचाही पिक्चर सुतकात बसून काढल्यासारखा आहे, आणि १९९७ च्या भारताला तो तसाच हवा होता. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत बॉर्डरला राष्ट्रीय एकात्मतेचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला आणि गायकाचा पुरस्कार हरिहरनला, ह्याच शेवटच्या गाण्यासाठी. आज कुठल्या ज्युरीनं तसं केलं तर काय काय ऐकून घ्यावं लागेल, मी कल्पना करू शकते.

माझी आत्या नौपाड्यातल्या चाळीत राहायची. १९७१ म्हटलं की ती ढाक्याचं किंवा ९३ हजार युद्धकैद्यांचं नाव आधी काढायची नाही, आधी काढायची काळ्या कागदांचं. ब्लॅकआऊटसाठी खिडकीच्या काचांना काळे कागद लावायचे होते, ते तिनं घरी खळ करून चिकटवले, युद्ध तेरा-चौदा दिवसांत संपलं पण ती खळ काचेवरून निघेना, ब्लेडनं खरवडून खरवडून काचेला चरे पडले आणि ते चरे मी लहानपणी बघितलेत, उन्हात दिसायचे. भोंगा झाला की सगळी बिऱ्हाडं जिन्याखाली, तिच्या मांडीवर तान्हा मुलगा आणि त्याच्या तोंडावर पदर, का तर त्याच्या रडण्यावरून विमानाला चाळ सापडेल असं तिला खरंच वाटायचं. आणि १६ डिसेंबरला पेढे वाटले तेही ती तितक्याच आनंदानं सांगायची. भीती आणि पेढे एकाच दमात. हे दोन्ही एकत्र असलेला पिक्चर मला फार कमी वेळा सापडला. त्याच युद्धात ९ डिसेंबरला दीवजवळ आपली खुकरी ही युद्धनौका बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबरच राहिले. माझ्या आठवणीत त्यावर एकही मोठा हिंदी पिक्चर नाही, मराठीही नाही, आणि हे जहाज आपल्या ह्याच समुद्रात बुडालंय.

बाबांच्या पिढीचा युद्धपट म्हणजे 'हकीकत'. १९६२ चा पराभव, १९६४ चा पिक्चर. चेतन आनंदनी लडाखमध्ये जाऊन काढलेला, बर्फात अडकलेली आपली माणसं, मदत येत नाही, दारूगोळा संपत येतो, आणि शेवटी कैफी आझमींचं 'कर चले हम फिदा'. जिंकल्याचं एक दृश्य नाही आणि तरी लोकांनी डोक्यावर घेतला. देशाला लागलेला मार ताजा होता, तो पडद्यावर बघून कुणाला कमीपणा वाटला नाही, उलट थिएटरमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर बसून रडता आलं. पण मला हकीकतपेक्षाही जास्त विचारात पाडतो तो त्याच्या १८ वर्षं आधीचा पिक्चर, शांतारामबापूंचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी', १९४६ चा. सोलापूरचा एक तरुण डॉक्टर १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला जातो, जपानी हल्ल्यात जखमी झालेल्या चिनी सैनिकांवर उपचार करतो, तिथल्याच मुलीशी लग्न करतो आणि १९४२ मध्ये तिथेच मरतो. कोटनीसांचं काम स्वतः बापूंनी केलं, त्यांच्या चिनी बायकोचं जयश्रीबाईंनी. त्या पिक्चरमधला चिनी शिपाई म्हणजे ज्याच्यासाठी आपल्या सोलापूरच्या पोरानं जीव द्यावा असा माणूस. अठरा वर्षांनी त्याच हिंदी पडद्यावर, कदाचित त्याच थिएटरच्या त्याच खुर्चीत बसून, लोक चिनी शिपायाचा तिरस्कार करत होते. दोन्ही वेळी खरंच वाटत होतं त्यांना. दोन्हीला कारणही होतं. पण कोटनीसांची कबर आपल्या भांडणामुळे तिथून हलली नाही आणि सोलापूरही हललं नाही.

अमेरिकेनं व्हिएतनामचं जे केलं ते तर मला शाळेत असताना व्हिडिओ लायब्ररीतल्या कॅसेटवरून कळलं, अर्थात तेव्हा काहीच कळलं नव्हतं. गल्लीतली सगळी मुलं रॅम्बो, कपाळाला ताईचा लाल रिबिनीचा तुकडा. खूप नंतर क्रम लावून बघितला तेव्हा धक्का बसला. १९६८ मध्ये युद्ध ऐन भरात असताना जॉन वेनचा 'ग्रीन बेरेट्स' आला, लष्कराच्या मदतीनं काढलेला, आपण गेलो आहोत ते बरोबरच आहे असं ठासून सांगणारा, आणि त्याच्या शेवटी सूर्य समुद्रात मावळतो, जेव्हा व्हिएतनामचा समुद्र पूर्वेला आहे. त्यानंतर जवळपास दहा वर्षं त्या युद्धाबद्दल थेट बोलायला हॉलिवूडमध्ये फारसं कुणी तयार नव्हतं. १९७५ ला सायगाव पडलं, मग १९७८ मध्ये 'डिअर हंटर', 'कमिंग होम', पुढच्या वर्षी 'अपोकॅलिप्स नाऊ', म्हणजे मोडून परत आलेली माणसं, वेड लागलेली माणसं. १९८२ चा पहिला रॅम्बो पण तसाच, आपल्याच देशातल्या एका गावात पोलिस ज्याच्या मागे लागलेत असा माजी सैनिक. आणि तीनच वर्षांत दुसऱ्या भागात तोच रॅम्बो परत व्हिएतनामला जाऊन हरलेलं युद्ध एकट्यानं जिंकून देतो. आमच्या गल्लीत पोहोचला तो हा दुसरा. युद्ध एकच, मेलेले ५८ हजार अमेरिकन तेच, व्हिएतनामी तर कितीतरी पट जास्त, त्यांची तर आम्हाला नावंही ऐकू आली नाहीत. आणि बरोबर १९८६ ला ऑलिव्हर स्टोननं 'प्लाटून' काढला, जो स्वतः तिथे लढून आला होता, तो बघून रॅम्बोची रिबीन आपोआप सुटते.

आपल्याकडे कारगिलनं बरंच काही बदललं असं मला वाटतं. आधीच्या युद्धांत गेलेल्या जवानांवर बहुतेक तिकडेच अंत्यसंस्कार व्हायचे, कारगिलपासून तिरंग्यातल्या शवपेट्या गावोगावी यायला लागल्या आणि टीव्हीवर रोज दिसायला लागल्या. १९९९ च्या त्या जून-जुलैत आमच्या घरी जेवताना टीव्ही बंद करायचा नियम मोडला तो कायमचा. ५२७ जवान गेले. त्यानंतर २००३ ला दत्तांचा चार तासांहून मोठा 'एलओसी कारगिल' आला तो पडला, २००४ चा 'लक्ष्य' इतका चांगला, तोही तेव्हा फारसा चालला नाही. त्याच २००४ मध्ये काय चाललं? 'मैं हूँ ना', ज्यात दोन्ही देशांच्या कैद्यांची सुटका व्हावी म्हणून हीरो झटतो आणि व्हिलन आपल्याच फौजेतून बाहेर पडलेला असतो, आणि 'वीर-झारा'. नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी होती, आपली क्रिकेट टीम पाकिस्तानला जाऊन जिंकून आली होती, लोकांना तेव्हा डोंगरावरची लढाई नको होती. २००१ मध्ये 'गदर'ला वेड्यासारखी गर्दी झालीच होती, त्यामुळे सगळं एका सरळ रेषेत बसत नाही, बसवूही नये. पण कारगिलवरचा 'शेरशाह' २०२१ मध्ये आला तेव्हा घराघरांत मोबाईलवर बघितला गेला. तो ज्यांच्यावर आहे त्या कॅप्टन विक्रम बत्रांचं शौर्य २००३ मध्ये कमी नव्हतं, आमचं लक्ष दुसरीकडे होतं.

'उरी' मी सीवूड्सला बघितला, जानेवारी २०१९. शो सुटल्यावर एस्कलेटरवर कॉलेजची मुलं 'हाऊज द जोश' ओरडत उतरत होती आणि खालून वर येणारे अनोळखी लोक 'हाय सर' म्हणून उत्तर देत होते. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. पिक्चर बांधलाय तसाच, घट्ट, हिशेबी, रडायला अगदी मोजकी जागा आणि ती सुरुवातीलाच, मग काम फत्ते करून सगळे परत. आठवड्याभरात पेडर रोडच्या सिनेमा म्युझियमच्या उद्घाटनाला पंतप्रधानांनीही समोरच्या फिल्मवाल्यांना तोच प्रश्न विचारला. पुढच्याच महिन्यात पुलवामा झालं, ४० जवान गेले. आणि २०२५ च्या मे महिन्यात तर ऑपरेशन सिंदूरची शस्त्रसंधी व्हायच्या आतच त्या नावाचा पिक्चर आपल्याकडे राहावा म्हणून निर्मात्यांचे अर्ज गेले होते. सीमेवरच्या गावांत तोफा चालू होत्या आणि इथे टायटल रजिस्टर होत होतं. ह्याचा मला संताप आला आणि अजून तो गेलेला नाही. काळे कागद काचेवर असताना काढलेला पिक्चर कसा असणार?

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, सातारा जिल्ह्यातले, फौजेत ड्रायव्हर होते, मुलाच्या फ्लॅटवर राहतात, सगळे त्यांना फौजी काका म्हणतात. त्या रात्री ते पिक्चरला थोडा वेळ बसून वर निघून गेले होते. मला वाटलं होतं ह्या गाण्याच्या बाबतीत ते तरी माझ्या बाजूनं असतील. सकाळी चालताना त्यांना सांगितलं तर ते थांबलेच. "त्या गाण्याचं काय घेऊन बसलात ताई, मी असतो तर मीच बंद करायला लावलं असतं." मी का म्हणून विचारलं. म्हणाले, "रडायचे पिक्चर तुम्हाला बरे वाटतात. आमच्या घरी बाया रडल्यात पुरेशा. हा उरी आला ना, तेव्हापासून इथली पोरं मला सलाम करतात, शाळेत बोलावतात २६ जानेवारीला, मेडल लावून जातो. त्याआधी ह्याच गेटवर मला लोक वॉचमन समजायचे, गाडी नीट लावा म्हणायचे." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या जोशवर मी मनातल्या मनात इतकं बोलत होते त्यानं ह्या माणसाला मान मिळवून दिला होता, आणि माझ्या त्या हळव्या गाण्यानं १९९७ पासून त्यांना काय दिलं हे मला सांगता येईना. पण दुश्मनाच्या घरीही कुणी वाट बघतंय हे ऐकायची ताकद आपल्यात होती आणि ती गेलीय, हे माझं म्हणणंही सुटलं नाही. दोन्ही घेऊन त्यांच्याबरोबर अजून एक फेरी मारली.

मग मी त्यांना विचारलं, काका तुम्ही कारगिलला होतात का. सगळे हेच विचारतात म्हणे. "कारगिलच्या वेळी मी पठाणकोटला. मी लंकेत होतो, सत्त्याऐंशीला." जुलै १९८७ च्या करारानंतर आपली शांतीसेना श्रीलंकेत गेली, आधी तमिळ लोकांनी हार घातले, ऑक्टोबरपासून तमिळ वाघांशीच, म्हणजे एलटीटीईशी, लढाई सुरू झाली, मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परत आली तोवर जवळपास १२०० जवान गेले होते. कारगिलच्या दुपटीपेक्षा जास्त. शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. ह्या युद्धावर आपण काय काढलं? 'मद्रास कॅफे' आहे, चांगला आहे, पण तो गुप्तहेराचा आणि राजीव गांधींच्या हत्येचा. तिथे रस्त्यावर मेलेल्या शिपायाचा पिक्चर हिंदीत मी बघितलेला नाही. कोलंबोजवळ श्रीलंकेनं त्यांचं स्मारक बांधलंय. तिकडे कशासाठी गेलो, कुणाच्या बाजूनं गेलो आणि शेवटी झालं काय, हे आपल्याला आपसांत एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून बारा वर्षांच्या पोराला काकांचं युद्ध माहीत नाही. जिंकलेलं युद्ध आपल्याला परत परत बघायचंय, हरलेलं १९६४ मध्ये बघू शकलो, पण हे कुठल्याच खान्यात बसत नाही.

मी काकांना म्हटलं ह्यावर पिक्चर निघायला पाहिजे. त्यांनी हात झटकला. "कोण काढणार? लोक विचारणार शेवटी जिंकलं कोण, मग काय दाखवणार?" विषय तिथेच संपला असं मला वाटलं. पण त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये भेटले, हातात भाजीची पिशवी, सातव्या मजल्यापर्यंत बोलत राहिले आणि माझा मजला आल्यावर दारात पाय ठेवून लिफ्ट अडवली. "ताई, काढलाच कुणी तर सांगा त्याला, ताडाची झाडं पाहिजेत, नारळ नको, जाफन्यात ताडच जास्त. रस्त्यावर माणूस दिसत नव्हता म्हणजे पुढं सुरुंग, हे दाखवायचं. केबिनमध्ये पायाखाली वाळूची पोती टाकायचो आम्ही, वरती पाय दुमडून गाडी चालवायची, गुडघे तेव्हाच गेले. आणि गाडी शक्तिमान पाहिजे. पिक्चरवाले हमखास स्टॅलियन आणून उभी करतील. तेव्हा स्टॅलियन नव्हती."